पेटीतलं बोलणं

दादाने तबक तिच्या हातात दिलं आणि स्वतः तुकडा घेतला नाही. एवढंच झालं. तबक नेहमीसारखं डावीकडून आलं, त्यात पावाचे चौकोनी तुकडे नेहमीसारखे दाटीवाटीने बसलेले, दादाचा रुंद हात, नखांत ग्रीसची काळी रेघ कायमची मुरलेली, तबकाखाली आला आणि तसाच तिच्याकडे सरकला. तुकडा घ्यायचा, तबक शेजाऱ्याला देताना हलकेच 'तुझ्यासाठी' म्हणायचं, ही त्यांच्या मंडळीची जुनी रीत. तेही तो म्हणाला नाही. तिचा हात मात्र सवयीने डोक्याच्या आधी पोचला होता. तुकडा तोंडात गेला, तबक पलीकडच्या शिंपीणबाईंकडे गेलं, 'तुमच्यासाठी' म्हणूनही झालं, आणि मग तिला उमगलं की आपण काय पाहिलं. तिने डोळ्यांच्या कडेने बघितलं. दादा समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, एक खिळा तेवढा वर आला होता, आणि दादा त्या खिळ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू हातोडी असती तर भर उपासनेत ठोकून मोकळा झाला असता.

या मंडळीत प्रभुभोजन महिन्यातून एकदा, आणि ज्याच्या मनात कुणाविषयी राग धरलेला असेल त्याने प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही. तबक पुढे द्यायचं, जाऊन तो राग मिटवायचा, आणि मग पुढच्या वेळी घ्यायची. कुणी विचारत नाही, कुणी मान वळवत नाही. न बघण्यात सगळे इतके तरबेज की कोण कुणावर चिडलंय हे चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं. शिंपीणबाईंनी त्यांच्या जावेपायी अख्खा हिवाळा तबक पुढे दिलं होतं. पण दादाने कधीच नाही. दादा चिडत नव्हता असं नाही. दादाच्या रागाचा आवाज जिन्यातून तीन मजले खाली जायचा. पण तो राग उतू येणाऱ्या दुधासारखा, वर आला तेवढ्याच घाईने खाली बसणारा. ज्याच्यावर ओरडला त्याच्याच खांद्यावर हात टाकून संध्याकाळी उभा. शनिवारपर्यंत शिल्लक राहील असा राग त्याच्याकडे तिने जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे हा काहीतरी वेगळाच प्रकार होता, आणि खरं सांगायचं तर तिला पहिल्यांदा दुःख वगैरे काही झालं नाही, कुतूहल वाटलं. ओळखीच्या घरात एक नवीनच दार दिसावं तसं. कोणावर असेल?

त्यात पाळक त्या दिवशी नेमके रागावरच बोलले होते. पाळक होण्याआधी ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि अजूनही एकेक शब्द चिमट्याने उचलून बसवायचे. "हातून खून झाला नाही म्हणून कुणी खुशीत राहू नये," ते म्हणाले होते. "प्रभू हातापाशी थांबत नाही. तो जिभेपाशी येतो, आणि मग जिभेच्याही आत बघतो. भावाला मूर्ख म्हणालास, म्हणजे तुझ्या लेखी तो माणूस उरला नाही. मग मारायचं राहिलं कुठे?" आणि पुढे असंही, की देवापुढे काही घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे, तर ते तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. हे सगळं चाललेलं असताना ती मनातल्या मनात पास झाली होती. उभ्या आयुष्यात तिने कुणाला मूर्ख म्हटलं नव्हतं. गाढव म्हटलं नव्हतं, मेल्या म्हटलं नव्हतं, दार आपटलं नव्हतं. शाळेत तिची वेणी ओढणाऱ्या मुलीला तिने 'तू असं का करतेस' असं विचारलं होतं आणि ती मुलगीच रडत बाईंकडे गेली होती. रागाच्या धड्याला तिला कधीच अभ्यास करावा लागला नाही. दुसऱ्यांनी वह्या काढाव्यात, आपण खिडकीबाहेर बघावं, असा तो विषय. आता मात्र तोंडातला तुकडा फुगत चालला होता. भावाच्या मनात काही असेल तर. पण ते माझ्याविषयी असेल तर, तिने स्वतःला बजावलं, आणि ते काही माझ्याविषयी नाही, आणि गिळून टाकला.

तिचं कामच मुळी न चिडण्याचं होतं. लिफ्टच्या कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ती बसायची. शहरभरच्या लिफ्टमध्ये पिवळ्या घंटेचं बटण असतं, ते कुणी दाबलं की कॉल तिच्या हेडफोनमध्ये येऊन पडायचा. लिफ्टच्या डब्याला त्यांच्यात पेटी म्हणत. पेटीत अडकलेली माणसं पहिल्यांदा विचारतात, मग विनवतात, मग शिव्या देतात. जवळजवळ सगळी देतात. मोठ्या हुद्द्याची माणसं जास्त सफाईने देतात. 'शांत व्हा' असं त्यांना कधी म्हणायचं नाही, कारण तसं म्हटलं की माणसाला कळतं आपण शांत नाही. 'घाबरू नका' तर मुळीच नाही. डोळ्यांना काम द्यायचं. दारावर काय लिहिलंय, भिंतीचा रंग कोणता, आरशात काही चिकटवलंय का. माणूस वाचायला लागला की ओरडायचं विसरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याने जे म्हटलं ते त्याचं धरायचं नाही. "अडकलेला माणूस बोलत नसतो, पेटी बोलत असते," असं मोठ्या बाईंनी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मोठ्या बाई म्हणजे कंट्रोल रूमच्या प्रमुख. उंचीने जेमतेम, पण नाव पडलं ते पडलं. तिने ते वाक्य इतकं मनावर घेतलं की पुढे पुढे शिव्या कानावर येऊन पावसाच्या थेंबासारख्या खाली घसरायच्या. खाली कुठे जायच्या हा प्रश्न तिला पडला नव्हता. आवाजात एक गुळगुळीतपणा यायचा, गळ्याच्या खालून, आपोआप, बटण दाबल्यासारखा. त्या आवाजाचा तिला अभिमान होता. तो तिच्या मालकीचा सगळ्यात चांगला जिन्नस होता.

उपासना संपल्यावर दादा चहाला थांबला नाही. एरवी रविवारी तो आणि वहिनी तिच्याकडेच यायचे. एकाच इमारतीत, ते वरच्या मजल्यावर आणि ती खाली, बाबांच्या खोलीसकट. बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते, खोलीत अजून मलमाचा वास होता आणि ती दार लावायचीही नाही आणि उघडायचीही नाही, फटीएवढं ठेवायची. "काम आहे," दादा कुणाकडेही न बघता म्हणाला आणि गेला. रविवारी लिफ्टच्या मेकॅनिकला कसलं काम, हे त्याच कंपनीत बसणाऱ्या बहिणीला सांगायला माणूस धीट पाहिजे. चालत घरी येताना ती एकेकाला उभं करून बघत होती. वहिनीवर? पण मग वहिनीनेही तबक पुढे दिलं असतं, त्यांची भांडणं दोन्ही बाजूंनी समान असत. पाळकांवर? बाबांच्या दफनविधीला त्यांनी प्रार्थना फार आखूड केली, असं दादा म्हणाला होता खरा. देवावर? हे तिला पटण्यासारखं होतं, आणि देवावर चिडलेल्याने भाकर घ्यावी की नाही हा एक चांगला प्रश्न होता, पाळकांना विचारायला हवा. हॉस्पिटलवर? ती सगळ्यांना एका रांगेत बसवून प्रत्येकाच्या तोंडावर उजेड पाडत गेली. त्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, आणि ती इतकी जवळ होती की तिला दिसतच नव्हती.

जिन्यात वहिनी भेटली. वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि समोरच्याच्या नाकाच्या मधोमध बघायची सवय तिला लागली होती, फ्रेम नीट बसली की नाही बघतात तशी. "वहिनी, दादा कुणावर चिडलाय गं?" तिने विचारलं. वहिनीने दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला विचारतेस?" "मग कुणाला विचारू?" "त्यालाच विचार की." "तो सांगेल?" "तू विचारून तर बघ. पण लवकर विचार. बदली मागितलीये त्याने." ती पायरीवरच थांबली. "कसली बदली?" "दुसऱ्या शहरातल्या शाखेत. मंजूरही झाली. या शुक्रवारी तो पुढे जातोय, मी महिनाअखेरीस. तुला सांगणार होता." "कधी?" वहिनीने तिच्या नाकाकडे बघायचं सोडलं आणि डोळ्यांकडे बघितलं. "तुझं ते चालू नसताना." "काय ते?" "ते," वहिनी म्हणाली, वाईट वाटून म्हणाली, टोमणा म्हणून नाही. "आत्ताही चालू आहे बघ. मी तुला सांगतेय की आम्ही हे घर सोडून चाललोय, आणि तू मला विचारतेस, कसली बदली. पिन कोड विचारावा तशी." आणि दूध तापवायचंय म्हणत ती वर गेली.

त्या दुपारी ती बाबांच्या खोलीच्या फटीसमोर खुर्ची टाकून बसली. डोक्यात वहिनीचं 'या शुक्रवारी' फिरत होतं, ते तिला कळत होतं. तिने त्याच्याकडे कुतूहलाने बघितलं, आणि कुतूहलाने बघितलं की ते थांबतं हाही तिला अनुभव होता. पण थांबेना. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून हे तिघं. बाबा, दादा आणि ठमी. ठमी हे नाव दादाने ठेवलं, ती पलंगावर मांडी घालून ठाण मांडून बसायची म्हणून. आता दादा गेला की तिला ठमी म्हणणारं जगात कुणी उरणार नव्हतं. नाव एका माणसाच्या तोंडातच राहत असेल तर तो माणूस ते बरोबर घेऊन जातो की काय. हा विचार तिला बरा वाटला, म्हणजे विचार म्हणून बरा, आणि लगेच तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा भिंतीचा रंगच सांगत बसलोय. तिने तो शब्द उच्चारून बघितला, ते. तुझं ते. तोंड उघडून मोठ्याने म्हणाली, "दादा, जाऊ नकोस." खोलीत ऐकू आलं ते असं, की जणू आपल्या सोयीसाठी लिफ्ट काही काळ बंद राहील. तिने पुन्हा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदाही तसंच.

सोमवारी मोठ्या बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खूश होत्या. नव्या मुलींचं प्रशिक्षण सुरू होणार होतं आणि नमुना म्हणून एक कॉल ऐकवायचा होता. "तुझाच घेतलाय," त्या म्हणाल्या. "तो, गेल्या महिन्यातला. तुझ्या भावाचा. आवाजात एक सुरकुती नाही बघ. सख्खा भाऊ अडकलाय आणि ही आपली 'आपण सुरक्षित आहात'. मी तर हसले पण आणि मला भरूनही आलं. तुझी हरकत नाही ना?" "नाही," ती म्हणाली, कारण हरकत घ्यायची ती कशी घेतात हे तिला माहीत नव्हतं. "ऐकायचाय तुला?" "नको. मला आठवतो." आणि आठवत होताच. तिने तो स्वतःच कितीतरी जणांना गंमत म्हणून सांगितला होता. लिफ्ट दुरुस्त करणाराच लिफ्टमध्ये अडकला, मोबाइलला रेंज नाही, त्याने घंटा दाबली आणि घंटा वाजली ती बहिणीच्या कानात. यात हसण्यासारखं पुष्कळ होतं. "ठमे, मी आहे," तो म्हणाला होता, आणि इकडे तीही हसली होती, पण आवाज न करता, कारण सगळे कॉल रेकॉर्ड होतात आणि घरगुती बोलायला मनाई आहे. "नमस्कार, कंट्रोल रूम. आपण सुरक्षित आहात. आपलं नाव सांगाल का?" "अगं मी दादा." "धन्यवाद. आपल्याला काही दुखापत?" इथपर्यंत सांगितलं की ऐकणारे खो खो हसायचे, आणि ती गोष्ट इथेच थांबवायची. पुढचा भाग गमतीत बसत नव्हता, पण तो वाईट होता असंही तिला कधी वाटलं नव्हतं. तो फक्त पेटीचा भाग होता.

ती जागेवर येऊन बसली, हेडफोन गळ्यात, आणि पुढचा भाग तिने बऱ्याच दिवसांनी येऊ दिला. शहराच्या त्या बाजूचा मेकॅनिक म्हणजे दादाच, त्यामुळे दुसऱ्याला शहराच्या पार टोकावरून यावं लागणार होतं. पेटीतला दिवा गेला. दादाला पेटीची भीती नाही, तो तिच्या टपावर बसून डबा खाणारा माणूस. पण बाबांना जाऊन आठवडा झाला होता, आणि अंधार होता, आणि कानात बहीण होती. तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "ठमे, एक विचारू? बाबा शेवटी काय सांगत होते?" आणि ती म्हणाली, "मदत वाटेत आहे. समोरच्या दारावर आपल्याला काय दिसतंय?" "दारावर काय दिसणार, अंधार आहे इथे. मी काय विचारतोय?" "मी लाइनवरच आहे." "ठमे, नीट बोल ना माझ्याशी." "आपण अगदी छान सांगताय. मदत वाटेत आहे." आणि मग तो ओरडला. कानठळ्या बसतील असा. तिने आवाजाची कळ एक घर खाली केली, हात किती सराईत होता, आणि तो म्हणत होता, "तू बाबांनाही असंच गप्प केलंस. असंच. बाबांनाही." आणि ती म्हणाली होती, गुळगुळीत, सुरकुती नसलेल्या आवाजात, "आपला त्रास मी समजू शकते." त्यानंतर तो बोलला नाही. दार उघडेपर्यंत नाही. तिने त्याची नोंद 'शांत' अशी केली. आणि हे सगळं तिने ऐकलं होतं, शब्दन् शब्द. ऐकून बाजूला ठेवलं होतं, कारण पेटीतलं बोलणं माणसाचं नसतं. आता तिला पहिल्यांदाच वाटलं, ते कुणाचं नसेल तर मग मी 'आपला त्रास' कुणाला म्हणाले? त्याला म्हणजे दादाला तर म्हणालेच नाही. त्याच्या जागी कुणीतरी अडकलेला होता. मूर्ख नव्हते म्हणाले. पण पाळक म्हणाले होते ते, माणूस उरत नाही ते, नेमकं तेच झालं होतं, आणि तेही 'आपण' म्हणून, अत्यंत आदराने. हा शोध इतका चोख होता की क्षणभर तिला शोध लागल्याचा आनंद झाला, आणि पाठोपाठ तिने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

बाबांचं मग यायचंच होतं, ते आलं. दुपार होती, हॉस्पिटलची खिडकी अर्धी उघडी. बाबांनी नाकावरचा मास्क ओढून काढला होता. त्यांचा चेहरा लाल झाला होता, श्वासामुळे असेल, पण कपाळावर मधोमध ती उभी आठी होती, आणि ती आठी ओळखण्यात घरात कुणाची चूक व्हायची नाही. ते रागावले होते. बोट तिच्याकडे रोखलेलं. "नाही," ते म्हणाले, "ऐक, तू, तू मला..." आणि तिने मास्क परत लावला आणि त्यांचा हात हातात घेतला, आणि आवाज गळ्याच्या खालून वर आला, आपोआप. "बाबा, मी इथेच आहे. खिडकीत काय दिसतंय सांगा बघू." बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग खिडकीकडे बघितलं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, पाण्याचा पाइप आणि भिंत. ते तिकडे बघत राहिले आणि त्यांनी तोंड मिटलं. नर्स म्हणाली, तुमच्यासारख्या मुली असाव्यात हो. संध्याकाळी ते गेले, मध्ये काही बोलले नाहीत. किती शांतपणे गेले, असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली. आणि दादा तेव्हा दारात उभा होता. बाबा 'तू मला' म्हणाले ते त्यानेही ऐकलं होतं. तू मला काय? घरी ने? सोड? फसवलंस? काहीही असू शकत होतं. तिने घरातल्या सगळ्या वाक्यांना ते जोडून बघितलं आणि प्रत्येकाला ते बसत होतं. समोर बटण लुकलुकत होतं. कुठल्याशा दवाखान्याच्या पेटीत कुणीतरी अडकलं होतं. तिने शेजारच्या मुलीला खूण केली, तू घे.

संध्याकाळी ती वर गेली. बोलायचं काय ते तिने ठरवलं नव्हतं. जिन्यात तीन वाक्यं तयार झाली आणि तिन्ही इतकी व्यवस्थित होती की तिने ती टाकून दिली. दार उघडंच होतं. दादा जमिनीवर बसून पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळत होता, मापाप्रमाणे, लहान ते मोठा. वहिनी आत भांडी खोक्यात भरत होती, आवाज येत होता. "बस," दादा म्हणाला. ती बसली नाही. "रविवारी तू तबक पुढे दिलंस." "दिलं." "माझ्यामुळे?" त्याने एक पाना उजेडात धरून बघितला. "तुला आजवर दुसरं कोण वाटत होतं?" "पाळक," ती म्हणाली, "देव. हॉस्पिटल." तो जवळजवळ हसला. मग हसला नाही. "ठमे, मला रागवता येतं आणि विसरता येतं. हे विसरता येत नाहीये. मी रोज सकाळी तुझ्या दारावरून जातो आणि मला ते ऐकू येतं. म्हणून जातोय. तुला शिक्षा म्हणून नाही." तिला गळ्याच्या खाली ती हालचाल कळली, ते गुळगुळीत काहीतरी वर सरकलं, आणि थांबवायच्या आत अर्धं बाहेर आलं. "मी तुझा त्रास..." "समजू शकतेस," दादा म्हणाला. "पूर्ण कर. मला पाठ आहे."

त्याने पाना खाली ठेवला. "बाबा तुझ्यावर रागावले होते. मरताना माणसाने आपल्या मुलीवर रागवायचंही नाही? त्यांना काहीतरी सांगायचं होतं, वाईटच असेल, असू दे. तेवढा हक्क नव्हता त्यांना? तू त्यांना खिडकी दाखवलीस. भिंत होती तिथे. आणि ते तुझं ऐकून भिंतीकडे बघत बसले, कारण तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. तुझ्यावर ओरडणं म्हणजे..." "काय म्हणणार होते ते?" तिने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, दुसरं काहीही नको होतं, एवढं एकच. "मला काय माहीत," दादा म्हणाला. "मी दारात होतो."

दारात होतो. तिने ते ऐकलं, आणि ऐकलेलं या वेळी खाली घसरलं नाही. आत गेलं. पायांत काहीतरी गरम उतरलं, मग कानांत चढलं, आणि तिला आश्चर्य वाटलं की हे इतकं साधं असतं, तापासारखं. "दारात होतास," ती म्हणाली. "हो ना, दारातच होतास तू. चौकटीला टेकून. मी त्यांचा हात धरला होता आणि तू चौकट धरली होतीस. आत का नाही आलास? दोन पावलं होती. आत यायचं, म्हणायचं, ठमे, थांब, बोलू दे त्यांना. थांबले असते मी. मला कुणी थांब म्हणालंच नाही. कधीच नाही. सगळे म्हणाले किती छान बोलते, किती धीराची. माझा आवाज एकदा हलला असता ना तर मी तिथेच पडले असते, त्यांच्या अंगावर, आणि त्यांना कळलं असतं की ते चाललेत. मला दुसरं काही येत नव्हतं रे. तुला येत होतं. तुला ओरडता येतं, रडता येतं, सगळं येतं, आणि तू दारात उभा राहिलास आणि आता मला सांगतोस. आता. सामान बांधून. मूर्ख आहेस तू. मूर्ख. मूर्खच आहेस."

आवाज तिचा नव्हता, किंवा तिचाच होता आणि तिने तो आधी ऐकला नव्हता. वर गेलेला, मध्येच फाटलेला, नाकातून येणारा, सुरकुत्याच सुरकुत्या. शब्द खोलीत पडला होता आणि परत घेता येत नव्हता. पाळक म्हणाले होते त्याची तिने वाट पाहिली, की आता समोरचा माणूस नाहीसा होईल. दादा नाहीसा झाला नाही. तो जमिनीवर बसलेला होता, त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला केस विरळ झाले होते, डोळे भरले होते, आणि इतका दादा तिला कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. पाळकांचं चुकलं होतं असं तिला वाटलं नाही. या शब्दाचा हिशेब कुठेतरी द्यावा लागणार आणि ती तो देणार होती. पण अजून तिचं संपलं नव्हतं. शुक्रवार तिथेच होता, बाबांचं अर्धं वाक्य तिथेच होतं, आणि तिच्या तोंडात अजून कितीतरी होतं, कुठल्या कुठल्या वर्षांचं.

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आली, हातात वर्तमानपत्राचा कागद, घाबरलेली. "अरे, काय चाललंय हे? शेजारची माणसं जिन्यात आलीत. खालपर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे," दादा म्हणाला. त्याची नजर बहिणीवरून हलली नाही. "ती माझ्याशी बोलतेय."